अठ्ठावीस सांधे, एक ठरलेला वार : प्रस्तावना

पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण पुणेकरांना दोन गोष्टींसाठी ठाऊक असतं : उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी आणि रस्त्याकडेच्या खाणावळीतली ताजी मासळी. संधिवाताचे डॉक्टर मात्र हे नाव वेगळ्याच कारणाने घेतात, आणि त्यात परदेशातले डॉक्टरही आले. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातल्या या गावाची घरोघर पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांची आंतरराष्ट्रीय लीग यांनी १९८१ मध्ये 'कॉपकॉर्ड' नावाचा उपक्रम आखला होता. खर्चिक यंत्रं न वापरता, लोकांना विचारून आणि तपासून, समाजात सांधेदुखी किती आहे हे मोजायचं, अशी त्याची रीत. भिगवणमध्ये ४,०९२ प्रौढांना प्रश्न विचारले गेले. दर शंभरातल्या सुमारे अठरा जणांना सांध्यांचं, स्नायूंचं किंवा पाठीचं दुखणं होतं. त्यात गुडघ्यांची झीज होती, कंबरदुखी होती, कष्टाने अवघडलेली अंगं होती. आणि हजारी सुमारे पाच जणांना आमवात होता, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेतला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस.

हजारी पाच हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण दहा हजार प्रौढांच्या वस्तीत तो पन्नासांवर जातो. शिवाय हा आजार बहुधा ऐन कर्त्या वयात गाठतो, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतं.

कॉपकॉर्डच्या आखणीत मोजणी हा पहिलाच टप्पा होता. दुसरा टप्पा शिक्षणाचा : दुखणं असलेल्यांना ते काय आहे हे समजावून सांगणं आणि गावपातळीवरच्या डॉक्टरांना, आरोग्य कार्यकर्त्यांना ते ओळखायला शिकवणं. तिसरा टप्पा कारणं शोधण्याचा आणि आजार टाळण्याचा. जगभर पहिला टप्पा पुष्कळ देशांत पार पडला. दुसऱ्याचा गाजावाजा त्या मानाने फारच कमी झाला, कारण तो मोजून संपत नाही. पुढची पानं या दुसऱ्या टप्प्याविषयी आहेत. रुग्णाने आपल्या आजाराबद्दल काय शिकायचं, डॉक्टरने काय शिकायचं, आणि दोघांनी एकमेकांकडून काय शिकायचं, हा त्यांचा विषय.

हे शिक्षण उपचाराच्या मागून सवडीने येणारी गोष्ट का नाही, ते आमवाताच्या पहिल्या सहा महिन्यांत दिसतं. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत. अंगठी निघत नाही, बांगडी मनगटावर रुतते. भाकरी थापताना तळहात टेकवत नाही, धुणं पिळता येत नाही. तासा-दीड तासाने हात जरा मोकळे होतात, आणि म्हणून घरात कुणाला ते आजारपण वाटत नाही. 'थंडीमुळे असेल', 'बाळंतपणातला वात आहे', 'वय झालं' असं म्हणत औषधांच्या दुकानातून वेदनाशामक गोळी येते. गोळीने दुखणं दबतं, सूज आतून आपलं काम करत राहते. आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. ते अस्तर जाड होतं आणि शेजारचं हाड कुरतडू लागतं. एकदा कुरतडलेलं हाड औषधाने भरून येत नाही. म्हणून पहिले काही महिने मोलाचे, आणि नेमके तेच ओळखीअभावी वाया जातात.

मग रक्ततपासणी होते, आणि घोळ वाढतो. आपल्याकडे सांधेदुखी म्हटली की 'आरए फॅक्टर', 'एएसओ' आणि 'युरिक अॅसिड' या तीन तपासण्या एकदमच लिहिल्या जातात. आमवाताच्या दर चार-पाच रुग्णांत साधारण एकाचा आरए फॅक्टर निगेटिव्ह येतो. उलट काही धडधाकट माणसांत, विशेषतः म्हातारपणी, तो पॉझिटिव्ह निघतो. म्हणजे सुजलेल्या बोटांच्या बाईला 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून परत पाठवलं जाऊ शकतं आणि झिजलेल्या गुडघ्यांच्या आजोबांवर आमवाताचा शिक्का बसू शकतो. एएसओ ही तपासणी घशातल्या जंतुसंसर्गाचा माग सांगते. लहानपणी येणाऱ्या आणि हृदयाच्या झडपांना इजा करणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाच्या निदानात तिचा उपयोग आहे. पण चाळिशीतल्या माणसाचे सांधे दुखतात आणि एएसओ वाढलेलं आहे, एवढ्यावरून त्याला पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू करायला आधार नाही. कागदावरचा आकडा हा निदानाला दुजोरा असतो. निदान हाताने करायचं असतं.

हाताने म्हणजे नक्की कसं? संधिवाततज्ज्ञ आमवाताचा जोर मोजताना अठ्ठावीस सांधे चाचपतात : दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे, दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाचे दहा सांधे आणि बोटांमधले दहा. प्रत्येक सांध्यावर अंगठ्याने इतपतच दाब द्यायचा, की दाबणाऱ्याचं नख किंचित पांढरं पडावं. दुखलं का, ते रुग्णाच्या चेहऱ्यावर वाचायचं. सूज आहे का, ते बोटांना कळतं : झिजेच्या सांध्याला हाडाचा टणकपणा लागतो, आमवाताच्या सांध्याला कणकेसारखा मऊ फुगवटा. सरावलेल्या डॉक्टरला या सगळ्याला मोजकीच मिनिटं पुरतात. हे कौशल्य पुस्तक वाचून येत नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून 'हा दाब जास्त झाला, आता पुन्हा कर' असं सांगावं लागतं.

त्याहून सोपी चाळणीही आहे. १९९२ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी 'गॅल्स' ही पद्धत मांडली : चाल, हात, पाय आणि पाठीचा कणा यांची झटपट तपासणी. तिची सुरुवात तीन प्रश्नांनी होते. स्नायूंत, सांध्यांत किंवा पाठीत दुखतं किंवा आखडतं का? कपडे स्वतःचे स्वतः, विनासायास घालता येतात का? जिना विनासायास चढता-उतरता येतो का? तिन्ही उत्तरं नीट आली आणि चालणं-वाकणं नीट दिसलं, तर मोठा बिघाड असण्याची शक्यता कमी. वैद्यकीय विद्यार्थी हृदय आणि फुप्फुसं तपासायला पहिल्यापासून शिकतो. सांध्यांची पाळी बरेचदा अस्थिरोगाच्या वॉर्डात, मोडलेल्या हाडांच्या गर्दीत येते. २०१९ पासून देशात लागू झालेल्या क्षमताधारित एमबीबीएस अभ्यासक्रमात सामान्य वैद्यकशास्त्राखाली संधिवाताच्या आजारांना स्वतंत्र प्रकरण आहे. कागदावर जागा मिळाली. खाटेशेजारी ती कशी भरते, हे त्या त्या महाविद्यालयातल्या शिक्षकावर आणि तिथल्या ओपीडीतल्या सवडीवर ठरतं.

शिकवण्याची दुसरी बाजू रुग्णाची, आणि तिथे एका गोळीचं उदाहरण पुरेसं आहे. मेथोट्रेक्सेट हा आमवाताच्या उपचाराचा कणा. औषध जुनं, स्वस्त आणि परिणामकारक. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ज्या देशात गोळी म्हणजे 'सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर' अशी सवय आहे, तिथे हा नियम अंगवळणी पडत नाही. चुकून ती रोज घेतली गेली, तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात आणि प्रसंगी जिवावर बेततं. अशा चुका जगभर झाल्या आहेत, आणि म्हणूनच या औषधाबरोबर रोजच्या सेवनाविषयी ठळक इशारा असतो. उपाय साधा आहे. वार ठरवायचा. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' एवढं न लिहिता 'फक्त रविवारी' असं मराठीत लिहायचं. गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने तोच वार घालायचा. सोबत दिली जाणारी फॉलिक अॅसिडची गोळीही दिसायला अशीच लहान आणि अनेकदा पिवळी, म्हणून तिचा वार वेगळा आणि तिचं पाकीट वेगळं ठेवायचं. आणि निघण्यापूर्वी रुग्णाकडून ते वदवून घ्यायचं : 'सांगा बरं, ही कधी घ्यायची?' मूल हवं असलेल्या बाईला हे औषध गर्भधारणेच्या काही महिने आधी बंद करावं लागतं, हेही तिला सुरुवातीलाच कळायला हवं. सासूबाई आणि नवरा समोर बसलेले असताना हा विषय कसा काढायचा, हेसुद्धा डॉक्टरच्या प्रशिक्षणातच मोडतं.

आता डॉक्टरांनी रुग्णांकडून शिकण्याची गोष्ट. आमवाताने माणूस किती अडला हे मोजायला अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉ. जेम्स फ्राइज यांनी १९८० मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती जगभर वापरली जाते. तिच्यात दुधाचं नवं खोकं उघडता येतं का, मांस कापता येतं का, टबात अंघोळ करता येते का, व्हॅक्यूम क्लीनर फिरवता येतो का, असे प्रश्न होते. भिगवणच्या बाईला हे विचारून काय कळणार? तिच्या अडचणी जमिनीवरच्या होत्या. मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, संडासात बसल्यावर उठता येत नाही. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने, म्हणजे डॉ. चोप्रांच्या केंद्राने, या प्रश्नावलीचा इथल्या जगण्याला साजेसा अवतार तयार केला. दिल्लीच्या डॉक्टरांनीही २००२ मध्ये आपली भारतीय आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत साडी किंवा धोतर नेसणं, रिक्षात चढणं-उतरणं, मंडईत जाऊन भाजी आणणं अशी कामं आली. प्रश्न इथल्या जगण्यातले झाले, तेव्हा उत्तरंही इथल्या अडचणींविषयी मिळू लागली.

पुण्याच्या अस्थिशल्यचिकित्सेतही हाच धागा सापडतो. डॉ. के. एच. संचेती यांनी 'इंडस' हा कृत्रिम गुडघा विकसित केला, तो जमिनीशी जोडलेल्या भारतीय बैठकीचा विचार करूनच.

रुग्णशिक्षण म्हणजे काय, याचा सर्वांत गाजलेला प्रयोगही स्टॅनफर्डचाच. केट लोरिग या परिचारिकेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग सुरू केला. आठवड्यातून एकदा, दोन तास. शिकवणारे डॉक्टर नव्हते, बहुतेकांना स्वतःलाच संधिवात होता. व्यायाम, थकव्याचं नियोजन, औषधं, डॉक्टरांशी कसं बोलायचं, असे विषय. चार वर्षांनंतर पाहिलं, तेव्हा वर्गात आलेल्यांचं दुखणं सरासरी वीस टक्क्यांनी उतरलं होतं आणि डॉक्टरकडच्या फेऱ्या चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. कोण किती व्यायाम करतो याच्याशी या सुधारणेचा संबंध जेमतेमच जुळला. 'आपल्या दुखण्यावर आपला थोडाफार ताबा आहे' हा विश्वास ज्यांना आला, ते जास्त सुधारले. २०१५ मध्ये युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने रुग्णशिक्षण हा उपचाराचाच भाग मानावा, अशा शिफारशी प्रसिद्ध केल्या.

आपल्या स्वयंपाकघरात हा ताबा अगदी बारीकसारीक गोष्टींतून येतो. दुधाचं भरलेलं पातेलं एका हाताच्या सांडशीने उचलण्याऐवजी दोन्ही हातांनी, कडा धरून उचलावं. पिशवीचे बंद बोटांत अडकवण्याऐवजी कोपराजवळ, हातावर घ्यावेत. ओलं कापड पिळण्याऐवजी नळावर टाकून निथळू द्यावं. लाटणं, झारा, झाडू यांच्या मुठी कापड गुंडाळून जाड कराव्यात, म्हणजे पकड घट्ट आवळावी लागत नाही. जड काम सकाळी आखडलेल्या हातांनी न करता दुपारी करावं. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट हे करून दाखवतात, तेव्हा सोबत सून, मुलगा किंवा नवरा असेल तर निम्मं काम तिथेच होतं. कारण घरात कुणी कोणतं काम उचलायचं, हा प्रश्न शेवटी त्यांच्याकडेच येतो.

पथ्याचा विषय टाळून चालत नाही. आंबट बंद, दही बंद, टोमॅटो बंद, वांगं बंद, अशी यादी जवळजवळ प्रत्येक रुग्ण सोबत घेऊनच येतो. एखाद्याला एखादा पदार्थ खरोखर बाधत असेल, तर तो सोडायला हरकत नसते. पण आमवात आंबटाने होत नाही आणि आंबट सोडल्याने जातही नाही. आधीच अशक्त, रक्त कमी असलेल्या बाईने यादी वाढवत नेली, की तिच्या ताटातली प्रथिनं तेवढी उडतात. युरिक अॅसिड वाढून होणाऱ्या गाऊटची गोष्ट निराळी, तिथे दारू आणि मांसाहार यांचा प्रश्न खरोखरच येतो. याहून घातक असतात त्या नाव-गाव नसलेल्या पुड्या. दोन दिवसांत जादूसारखा आराम देणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक बंद केली तर रुग्ण कोसळू शकतो.

याचा अर्थ आयुर्वेदाकडे पाठ फिरवावी, असा पुण्याने तरी काढला नाही. केंद्र सरकारच्या 'न्यू मिलेनियम' संशोधन योजनेत गुडघ्यांच्या झिजेवरच्या आयुर्वेदिक मिश्रणांची चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१३ मध्ये 'ऱ्हुमॅटॉलॉजी' या ब्रिटिश नियतकालिकात आला. ४४० रुग्ण, आणि कुणाला कोणतं औषध मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. ती मिश्रणं ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब या प्रचलित औषधांच्या तोडीची ठरली. काही रुग्णांच्या यकृताच्या तपासणीत वाढ दिसली, औषध थांबवल्यावर ती उतरली, आणि तीही त्याच लेखात नोंदवली गेली. 'जडीबुटीचा अपाय होत नाही' म्हणणाऱ्यांनी आणि 'त्यात काही नसतं' म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही ही चाचणी वाचण्यासारखी आहे.

साथीच्या काळात या सगळ्या शिक्षणाची परीक्षा होते. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली होती. मग तीन दशकं शांतता, आणि २००६ मध्ये तो परतला. त्या वर्षी देशात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. ताप चार दिवसांत गेला, पण घोटे, मनगटं, बोटं महिनोन् महिने धरून राहिली. कुणाला हे दुखण्याचं शेपूट आपोआप ओसरेल असा धीर द्यायचा, आणि कुणाचा सांधा खरोखर सुजतो आहे म्हणून पुढे पाठवायचं, हा निवाडा गावोगावच्या डॉक्टरांवर येऊन पडला. ज्यांना सूज आणि दुखणं यांतला फरक हाताने कळत होता, त्यांचे रुग्ण विनाकारण दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडपासून वाचले. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात चिकुनगुन्या पुन्हा बळावला, तेव्हाही ओपीडीत तोच प्रश्न उभा होता.

मार्च २०२० मध्ये वेगळीच गंमत झाली, अर्थात ल्युपस या, प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराच्या रुग्णांसाठी ती गंमत नव्हती. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही त्यांची रोजची गोळी. करोनावर ती चालेल या आशेने तिचे साठे दुकानांतून उठले. त्या महिन्याच्या अखेरीस सरकारने चिठ्ठीशिवाय विक्रीवर निर्बंध आणले. ज्यांना आपली गोळी कशासाठी आहे, ती किती दिवस चुकली तर चालते आणि कोणाला फोन करायचा हे ठाऊक होतं, ते त्यातून निभावले. बाकीच्यांतल्या काहींनी परस्पर गोळी बंद केली.

महागडी औषधंही आता आवाक्याजवळ येत आहेत. अहमदाबादच्या झायडस कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये अडालिमुमॅब या जैविक औषधाची कमी किमतीची आवृत्ती जगात प्रथम बाजारात आणली. पण ही औषधं शरीरात लपून बसलेला क्षय जागा करू शकतात. भारतात त्याचा धोका मोठा, म्हणून आधी तपासणी आणि नंतर दोन आठवडे टिकलेल्या खोकल्याकडेही लक्ष, हे रुग्णाला पाठ असावं लागतं.

राहिला प्रश्न शिकवणाऱ्यांच्या संख्येचा. संधिवाततज्ज्ञ मोजके, आणि तेही बहुतेक मोठ्या शहरांत. इंदापूर, भोर किंवा जुन्नरच्या रुग्णाने प्रत्येक वेळी पुण्याला येणं परवडत नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून अमेरिकेत गेलेल्या डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिकोत यावर एक तोड काढली. हेपटायटिस सीचे रुग्ण शहरात बोलावण्याऐवजी त्यांनी गावोगावच्या डॉक्टरांना आठवड्यातून एकदा पडद्यावर एकत्र बसवलं. प्रत्येकाने आपला रुग्ण मांडायचा, तज्ज्ञाने आणि इतरांनी त्यावर बोलायचं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गावातल्या डॉक्टरांचे निकाल विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकेच चांगले निघाले. 'इको' नावाची ही रीत पुढे संधिवातासाठीही वापरली गेली आणि भारतातही आली. तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरला यात स्वतःचा रुग्ण स्वतःच सांभाळायला मिळतो, आणि पुण्याला कोणाला व कधी पाठवायचं हेही नेमकं कळतं.

पुढची पानं याच क्रमाने लावली आहेत. आधी ओळख : आमवात, झीज, गाऊट, ल्युपस आणि तरुण मुलांची ती पाठदुखी, जी विश्रांतीने वाढते, हालचालीने कमी होते आणि वर्षानुवर्षं 'गादी सरकली' म्हणून हाताळली जाते. मग तपासणी, आकृत्यांसह. मग औषधं, प्रत्येकाच्या शेजारी कधी घ्यायचं, कोणती रक्ततपासणी किती दिवसांनी करायची आणि कोणत्या लक्षणाला थांबायचं नाही, याचा तक्ता. शेवटी घर आणि काम. डॉक्टरांसाठीचा आणि रुग्णांसाठीचा मजकूर वेगळा काढलेला नाही. रुग्णाने डॉक्टरांचं पान वाचावं आणि डॉक्टरने रुग्णाचं, म्हणून दोन्ही समोरासमोर छापले आहेत. ओपीडीत वेळ कमी असेल, तर औषधांच्या तक्त्याचं पान फाडून रुग्णाच्या हातात द्यायला हरकत नाही. त्यावर वार लिहायची जागा कोरी ठेवली आहे.